टेरिटोरियल आर्मी उभी करणाऱ्या वकिलालाच युद्धात देशद्रोही ठरवलं गेलं होतं

२०१९ चा ऑगस्ट आठवतोय का? वर्ल्ड कप नुकताच संपला होता आणि महेंद्रसिंग धोनी क्रिकेटमधून सुट्टी घेऊन काश्मीरमध्ये पोहोचला होता. १०६ टीए बटालियनसोबत त्याने पंधरा दिवस काढले. गणवेशातले त्याचे फोटो सगळ्यांनी फॉरवर्ड केले आणि मग गुगलवर शोधाशोध सुरू झाली, की हे टीए म्हणजे नेमकं काय असतं?

टीए म्हणजे टेरिटोरियल आर्मी. नोकरी-धंदा सांभाळायचा, वर्षातून ठरावीक दिवस लष्करी प्रशिक्षण घ्यायचं आणि देशावर वेळ आली की वर्दी चढवून हजर व्हायचं. धोनीची लेफ्टनंट कर्नलची रँक मानद होती, पण या फौजेत रेल्वेचे कर्मचारी, तेल कंपन्यांमधले इंजिनिअर आणि डॉक्टर अशी माणसं खरोखर असतात. बंदूक चालवण्यापेक्षा रेल्वे चालू ठेवणं, इंधन पोहोचवणं आणि जखमींवर उपचार करणं हे त्यांचं मोठं काम.

भारतात ही व्यवस्था आली ब्रिटिशांकडून. ब्रिटनमध्ये ती ज्याने उभी केली, त्या माणसाने आयुष्यात कधी बंदूक हातात घेऊन लढाई केली नव्हती. तो वकील होता आणि तत्त्वज्ञानाचा वेडा होता. त्याचं नाव रिचर्ड बर्डन हाल्डेन. शाळेत विज्ञान शिकलेल्यांनी हाल्डेन हे आडनाव ऐकलेलं असेल. शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, जे १९५७ मध्ये भारतात राहायला आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, ते याच रिचर्ड यांचे पुतणे.

रिचर्ड यांचा जन्म ३० जुलै १८५६ रोजी स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात झाला. घरचं वातावरण कडक धार्मिक. मुलगा सतरा वर्षांचा झाला तेव्हा त्याला शिकायला इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला पाठवण्याऐवजी घरच्यांनी जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात पाठवलं. तिथे तो काही महिनेच राहिला, पण हेर्मान लोट्झे या प्राध्यापकांच्या वर्गाने त्याला कायमचं वेड लावलं. पुढे त्यांनी शोपेनहॉअरच्या मुख्य ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादाला हातभार लावला. जर्मनीवरचं हे प्रेम चाळीस वर्षांनी त्यांच्या अंगावर येणार होतं.

लंडनमध्ये वकिली जोरात चालली. १८८५ मध्ये लिबरल पक्षाकडून खासदार झाले. १८९० मध्ये साखरपुडा झाला आणि पाच आठवड्यांत मुलीने तो मोडला. हाल्डेन यांनी नंतर लग्न केलंच नाही. आईला मात्र ते लंडनहून रोज पत्र लिहायचे. अंगाने गोलमटोल, सिगारचे शौकीन, आवाज बारीक, भाषणं लांबलचक. थोडक्यात, युद्धमंत्री म्हणून पोस्टरवर छापावा असा हा माणूस अजिबात नव्हता.

डिसेंबर १९०५ मध्ये लिबरल सरकार आलं. हाल्डेन यांना हवं होतं लॉर्ड चान्सलरचं पद, म्हणजे न्यायखात्यातली सगळ्यात वरची खुर्ची. मिळालं युद्धखातं. त्या काळी हे खातं म्हणजे राजकारण्यांची दफनभूमी मानलं जायचं. आधीच्या मंत्र्यांच्या सुधारणा तिथे येऊन एकामागून एक झोपल्या होत्या. नव्या मंत्र्याला कशा प्रकारची फौज हवी आहे असं सेनापतींनी विचारलं, तेव्हा हाल्डेन यांनी हेगेल या जर्मन तत्त्ववेत्त्याचं नाव घेऊन हेगेलच्या विचारातली फौज हवी असं सांगितलं म्हणे. पुढे कोणी काही विचारलं नाही.

फौज होती, पण तिच्यामागे काहीच नव्हतं

हाल्डेन यांच्यासमोरचा प्रश्न समजून घ्यायचा तर बोअर युद्ध बघावं लागतं. १८९९ ते १९०२ या काळात ब्रिटन दक्षिण आफ्रिकेत शेतकऱ्यांच्या फौजेशी लढत होतं. ब्रिटनच्या बाजूचे सुमारे २२ हजार सैनिक मेले. त्यात गोळी लागून मेलेल्यांपेक्षा विषमज्वरासारख्या रोगांनी मेलेले जास्त होते. जगातलं सगळ्यात मोठं साम्राज्य आपल्या सैनिकांना स्वच्छ पाणी आणि पुरेसे डॉक्टर देऊ शकत नव्हतं.

देशात राखीव माणसं नव्हती असं मुळीच नाही. जुनी मिलिशिया होती. जमीनदारांच्या घोडेस्वारांची येओमनरी होती. १८५९ पासूनच्या व्हॉलंटियर्सच्या पलटणी होत्या. पण तिघांचे कायदे वेगळे, तिघांची शिस्त वेगळी. व्हॉलंटियर्सकडे रायफल चालवणारे हजारो होते, पण त्यांची भाकरी वाहून नेणाऱ्या गाड्या नव्हत्या, पुरेशा तोफा नव्हत्या आणि जखमींना उचलून नेणारी धड व्यवस्था नव्हती. रविवारी संचलन करायला छान, पण दोन आठवडे मैदानात उभी करायची तर ही फौज दुसऱ्याच दिवशी उपाशी राहिली असती.

त्यात सरकारचं वचन होतं काटकसरीचं. लष्कराचं बजेट वर्षाला २ कोटी ८० लाख पौंडांच्या आत बसवायचं होतं. म्हणजे पैसे कमी करायचे आणि फौज सुधारायची. कुठल्याही ऑफिसात काम केलेल्याला ही अपेक्षा ओळखीची वाटेल.

हाल्डेन यांनी जेराल्ड एलिसन या लष्करी अधिकाऱ्याला आपला सचिव करून घेतलं. डग्लस हेग यांना भारतातून बोलावून प्रशिक्षणाचं काम दिलं. हेग म्हणजे पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या ब्रिटिश फौजेचे प्रमुख झाले तेच. १९०६ मध्ये हाल्डेन स्वतः बर्लिनला गेले. जर्मन लष्करात लढाईची आखणी करणारे आणि सामान पुरवणारे असे दोन विभाग वेगवेगळे कसे चालतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. कैसरनेही त्यांचा पाहुणचार केला. ही भेटही लोकांनी नंतर लक्षात ठेवली.

त्यातून फौजेचे दोन भाग ठरले. पहिला भाग परदेशात लगेच पाठवायचा: सहा पायदळ डिव्हिजन आणि एक घोडदळ डिव्हिजन. जुन्या मिलिशियाला या भागाची भर घालणारं स्पेशल रिझर्व्ह बनवलं. दुसरा भाग घरी राहून देश सांभाळायचा, म्हणजे टेरिटोरियल फोर्स. १९०७ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९०८ ला येओमनरी आणि व्हॉलंटियर्स मिळून ही नवी फौज सुरू झाली.

तिची रचना १४ डिव्हिजन आणि १४ घोडदळ ब्रिगेड अशी होती. प्रत्येक डिव्हिजनमध्ये पायदळाच्या तीन ब्रिगेड आणि प्रत्येक ब्रिगेडमध्ये चार पलटणी. इथपर्यंत नवीन काही नाही. नवीन होतं ते ब्रिगेडच्या मागे उभं केलेलं. प्रत्येक डिव्हिजनला स्वतःचा तोफखाना, पूल आणि खंदक बांधणारे इंजिनिअर, निरोप पोहोचवणारी सिग्नल कंपनी, रसद वाहणारा गाड्यांचा काफिला आणि जखमींसाठी तीन फील्ड अँब्युलन्स. घोडदळाच्या प्रत्येक ब्रिगेडला येओमनरीच्या तीन रेजिमेंट, बरोबर घोड्यांवरच्या तोफांची बॅटरी, दारूगोळ्याचा काफिला, रसदीचा काफिला आणि स्वतःची अँब्युलन्स. हुकूम मिळाल्यावर दुसऱ्या कुणाकडे हात न पसरता निघता आलं पाहिजे, असा हिशोब होता.

आता यासाठी माणसं कुठून आणायची? हाल्डेन यांचं उत्तर साधं होतं. जो माणूस रोज जे काम करतो, तेच काम त्याला वर्दीत द्यायचं. गाडीवान असेल तर रसदीच्या काफिल्यात, सुतार-लोहार असेल तर इंजिनिअरांकडे. महापालिकांचे आरोग्य अधिकारी छावणीची स्वच्छता बघायला. रेल्वेचे मोठे मॅनेजर तर एका खास स्टाफ कोअरमध्ये आधीपासून होतेच, तेही या फौजेत आले. बोअर युद्धात रोगराईने माणसं मेली होती, म्हणून डॉक्टरांच्या बाजूवर जास्त भर दिला गेला. देशभरात २३ जनरल हॉस्पिटलं कागदावर तयार झाली. कागदावर म्हणजे खरंच कागदावर: कुठली शाळा किंवा कॉलेज ताब्यात घ्यायचं, तिथे ५२० खाटा कशा लावायच्या, गावातले कुठले डॉक्टर येणार, सगळं आधीच लिहून ठेवलेलं. त्यांच्यासाठी १९०८ मध्येच टेरिटोरियल नर्सिंग सर्व्हिस सुरू झाली. हाल्डेन यांची बहीण एलिझाबेथ यांनी त्या कामात पुष्कळ लक्ष घातलं. पुढच्याच वर्षी गावोगावच्या बायकांना प्रथमोपचार शिकवणारी स्वयंसेवकांची पथकंही निघाली.

हे सगळं चालवायला जिल्ह्याजिल्ह्यात काउंटी असोसिएशन म्हणजे नागरी समित्या नेमल्या. भरती करणं, कपडे, घोडे, प्रशिक्षणाचे हॉल, कारखानदारांना पटवून कामगारांना सुट्टी मिळवून देणं ही समितीची कामं. लढाई आणि प्रशिक्षण मात्र लष्कराच्या हातात. बर्लिनमध्ये पाहिलेली विभागणी ती हीच, फक्त इथे सामानाची बाजू त्यांनी गावच्या लोकांकडे दिली. ऑक्टोबर १९०७ मध्ये राजा सातवा एडवर्ड याने जिल्ह्यांच्या प्रमुखांना राजवाड्यावर बोलावून या कामाला लावलं. राजाचं बोलावणं आलं म्हटल्यावर नाही म्हणणारे कमीच.

टेरिटोरियल सैनिकाची भरती चार वर्षांसाठी व्हायची. वर्षभर संध्याकाळी कवायत आणि उन्हाळ्यात पंधरा दिवसांची छावणी. परदेशात जायची सक्ती नाही. हीच अट टीकाकारांना खटकली. भारतात सरसेनापती राहिलेले लॉर्ड रॉबर्ट्स सक्तीच्या लष्करभरतीची मोहीम चालवत होते. त्यांच्या लोकांच्या मते पंधरा दिवसांच्या छावणीत सैनिक तयार होत नसतो. मजूर पक्षाला उलटी भीती होती, की या निमित्ताने शाळा-कॉलेजात लष्करशाही घुसेल. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं. फौजेला ठरवलेली तीन लाखांवर माणसं कधी मिळालीच नाहीत, आकडा अडीच लाखांच्या आसपास घुटमळला. तोफा जुन्या, रायफली जुन्या. परदेशी जायला तयार असल्याचं आधीच लिहून देणारे तर दहांत एकही नव्हते.

तरी याच काळात विद्यापीठं आणि शाळांमध्ये अधिकारी तयार करणारी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर सुरू झाली. खासगी मालकांच्या मोटर लॉऱ्यांना वार्षिक अनुदान द्यायचं आणि युद्ध झालं की त्या ताब्यात घ्यायच्या, अशी योजनाही आली. १९१२ च्या फेब्रुवारीत हाल्डेन पुन्हा बर्लिनला गेले, आरमाराची स्पर्धा थांबवायची बोलणी करायला. बोलणी फसली. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांना हवी असलेली लॉर्ड चान्सलरची खुर्ची मिळाली आणि युद्धखातं सुटलं.

३ ऑगस्ट १९१४

त्या दिवशी सोमवार होता, बँक हॉलिडे. बऱ्याच टेरिटोरियल पलटणी नेमक्या वार्षिक छावणीसाठी बाहेर पडलेल्या होत्या. पंतप्रधान ॲस्क्विथ यांनी तेव्हा युद्धखातं स्वतःकडेच ठेवलं होतं आणि त्यांना क्षणाची फुरसत नव्हती. त्यांनी जुना मित्र हाल्डेन यांना त्या खात्यात जाऊन हुकूम सोडायला सांगितलं. म्हणजे जी यंत्रणा त्यांनी उभी केली होती, तिचं बटण दाबायलाही तेच गेले.

यंत्रणा चालली. छावण्या मोडून पलटणी घरी परतल्या आणि आपापल्या हॉलवर हजर झाल्या. लाखाहून जास्त घोडे शेतकऱ्यांकडून आणि गाडीवाल्यांकडून गोळा झाले. हॉस्पिटलांच्या कागदावरच्या खाटा शाळांमध्ये खरोखर मांडल्या गेल्या. पहिली फौज काही दिवसांत फ्रान्सला पोहोचली.

पण ५ ऑगस्टला युद्धमंत्री झाले लॉर्ड किचनर. भारतात सरसेनापती असताना व्हाइसरॉय कर्झन यांच्याशी त्यांचं वाजलं होतं, तेच हे किचनर. तरुणपणी १८७०-७१ च्या युद्धात त्यांनी फ्रान्समधली कच्ची फौज पाहिली होती आणि अर्धवेळ सैनिकांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. हाल्डेन यांनी नव्या भरतीसाठी जिल्ह्यांच्या समित्या वापरा म्हणून सुचवलं. किचनरांनी ते बाजूला सारलं आणि आपली स्वतंत्र नवी फौज उभारायला घेतली. त्यामुळे पहिल्या वर्षी कपडे, बंदुका आणि शिक्षक यांच्यासाठी दोन फौजांची ओढाताण झाली. समित्या तयार असताना दुसरा रस्ता खणायची गरज नव्हती, असंच म्हणावं लागेल.

त्याच वेळी पलटणीमागून पलटण परदेशी जायला तयार झाली. ३१ ऑक्टोबर १९१४ च्या रात्री बेल्जियममधल्या मेसिन इथे लंडन स्कॉटिश ही टेरिटोरियल पलटण लढाईत उतरली. त्यांच्या रायफलींची मॅगझिन नव्या काडतुसांना चालेनात, म्हणून एकेक गोळी भरत ते लढले. शेकडो जण पडले, पण ब्रिटिश फळी तुटली नाही. वर्ष संपेपर्यंत वीसेक टेरिटोरियल पलटणी फ्रान्समध्ये होत्या आणि नियमित फौज अक्षरशः झिजून गेली होती. फटीत उभं करायला तयार माणसं होती ती हीच.

या गोष्टीत मुंबईही येते. भारतातल्या ब्रिटिश पलटणी फ्रान्सला हलवायच्या तर त्यांच्या जागी कुणीतरी हवं होतं. मग टेरिटोरियल फोर्सच्या तीन डिव्हिजन भारतात पाठवल्या गेल्या. नोव्हेंबर १९१४ पासून त्यांची जहाजं मुंबई बंदराला लागू लागली. काही महिन्यांपूर्वीपर्यंत दुकानात आणि बँकेत बसणारी ही पोरं इथल्या छावण्यांमध्ये पहारा देऊ लागली. त्यातली हॅम्पशायरची एक पलटण पुढे मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला गेली. तिचा काही भाग कूत-अल-अमारा गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडला. त्याच वेढ्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणीही होत्या. डिसेंबर १९१५ पासून ते उपाशी लढले आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. रसद पोहोचू शकली नाही, हेच त्या पराभवाचं कारण.

एका दिवसात २,६०० पत्रं

इकडे लंडनमध्ये हाल्डेन यांच्यामागे वर्तमानपत्रं लागली होती. जर्मनीविरुद्ध संताप होता आणि संतापाला एक चेहरा लागतो. युद्धापूर्वी एका खासगी जेवणात त्यांनी गॉटिंगेनमधला लोट्झेंचा वर्ग हे आपलं आध्यात्मिक घर आहे, अशा अर्थाचं काही बोललं होतं. छापताना त्यातला वर्ग आणि प्राध्यापक गळाले, उरला फक्त जर्मनी. मग अफवांना ऊत आला. त्यांची जर्मनीत चोरून केलेली बायको आहे. ते कैसरचे सावत्र भाऊ आहेत. त्यांनी मुद्दाम फौज उशिरा पाठवली. शेवटचा आरोप तर सत्याच्या बरोबर उलटा होता, सहाही डिव्हिजन लगेच पाठवा म्हणून बैठकीत जोर लावणाऱ्यांत तेच होते.

डेली एक्सप्रेस या वर्तमानपत्राने वाचकांना निषेध कळवायचं आवाहन केलं. एका दिवसात हाल्डेन यांच्या नावाने २,६०० पत्रं संसदेत येऊन पडली. ट्रोलिंग हा शब्द तेव्हा नव्हता. रस्त्यात हल्ल्याच्या आणि गोळी घालण्याच्या धमक्याही आल्या. सरकारी गुपितं बाहेर काढल्याशिवाय बहुतेक आरोपांना उत्तर देता येणार नव्हतं, म्हणून ते गप्प राहिले.

मे १९१५ मध्ये सर्वपक्षीय सरकार बनलं. काँझर्व्हेटिव्ह पक्षाची अट होती, हाल्डेन नकोत. ॲस्क्विथ यांनी तीस वर्षांची मैत्री असलेल्या या माणसाला सरकारबाहेर ठेवलं आणि चार ओळींचं पत्रसुद्धा लिहिलं नाही. राजा पाचवा जॉर्ज याने मात्र त्याच दिवसांत त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा फार मोठा मान दिला.

टेरिटोरियल डिव्हिजन युद्ध संपेपर्यंत लढत राहिल्या. इजिप्त, गॅलिपोली, पॅलेस्टाइन, फ्रान्स. २९ सप्टेंबर १९१८ रोजी जर्मनांच्या हिंडेनबर्ग लाइनवरचा सेंट क्वेंटिन कालवा पोहून आणि पूल काबीज करून जी डिव्हिजन पलीकडे गेली, ती ४६ वी, म्हणजे इंग्लंडच्या मिडलँड्स भागातली टेरिटोरियल डिव्हिजन होती.

१९ जुलै १९१९ ला लंडनमध्ये विजयाची मिरवणूक निघाली. हाल्डेन घरीच होते. त्या संध्याकाळी त्यांच्या दारात आले फील्ड मार्शल हेग, त्या दिवसाच्या मिरवणुकीतलं सगळ्यात मोठं नाव. हेग यांनी नंतर आपल्या युद्ध-अहवालांचं पुस्तकही त्यांना भेट पाठवलं आणि त्यावर स्वतः लिहिलं, की इंग्लंडला आजवर लाभलेल्या युद्धमंत्र्यांमध्ये हाल्डेन सगळ्यात थोर.

युद्धानंतर टेरिटोरियल फोर्सचं नाव टेरिटोरियल आर्मी झालं. १९२० मध्ये त्याच धर्तीवर भारतात इंडियन टेरिटोरियल फोर्सचा कायदा आला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये आपला स्वतःचा टेरिटोरियल आर्मी कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिची सुरुवात झाली.

हाल्डेन १९२४ मध्ये पुन्हा लॉर्ड चान्सलर झाले, यावेळी मजूर पक्षाच्या पहिल्या सरकारमध्ये. ज्या पक्षाला एकेकाळी त्यांची फौज लष्करशाहीची वाटली होती, त्याच पक्षात. दरम्यान जर्मन शास्त्रज्ञ आइनस्टाइन १९२१ मध्ये लंडनला आले, तेव्हा हाल्डेन यांच्याच घरी उतरले होते. लोक काय म्हणतील याची त्यांनी तेव्हाही फिकीर केलेली दिसत नाही. आई शंभरी ओलांडून १९२५ मध्ये गेली, तेव्हा रोजची पत्रं थांबली. १९ ऑगस्ट १९२८ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, स्कॉटलंडमधल्या क्लोन या घरच्या वाड्यात हाल्डेन यांचं निधन झालं.